आधी मला सांगायचंस

शलोमीताई गेल्याचं मला मराठी मंडळाच्या ग्रुपवर कळलं. सलवातल्या नर्सरीत मधली सुट्टी होती, मी पोरांचे डबे उघडून देत होते. इथून आखातातून रजेवर जालन्याला गेल्या होत्या, तिथंच हार्ट अटॅक. खाली भराभर जोडलेले हात... 'फार शांत बाई', 'कुणाशी कधी वाकडं नाही'. मला त्या माणसांचा असा संताप आला की फोन पर्समध्ये कोंबला. पाच आठवडे झाले, संताप जात नाही. तो त्यांच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त आहे, हे आता कबूल करते.

महबूल्यात आमची दोन कुटुंबं सहा वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिली. खोल्या वेगळ्या, किचन एकच. त्या नर्स, ख्रिस्ती, सोबत एकुलती मुलगी रूथ. मी नाशिकची, उपासतापास सगळं करणारी आणि तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी मी ओट्यावर मधोमध चिकटपट्टी लावली. दुसरी कुणी असती तर कडाकडा भांडली असती. त्या म्हणाल्या, "आमच्या शास्त्रात अब्राहामाची गोष्ट आहे. त्याचे आणि पुतण्याचे गुराखी चराईवरून भांडायला लागले, तेव्हा तो पुतण्याला म्हणाला, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो, आधी तू निवड. मेधा, तूही निवड." मी खिडकीची बाजू घेतली, मोठा बर्नर घेतला आणि वर मनात म्हटलं, बाई भोळी आहे. भोळ्या कसल्या... मीठ संपलं तरी त्यांनी पट्टीपलीकडे हात घातला नाही, हाक मारून विचारायच्या. मी मात्र त्यांची कोथिंबीर खुशाल उचलायची.

मग ते पातेलं झालं. माझं उपासाचं, वेगळं ठेवलेलं. एका चतुर्थीला त्याच्या तळाशी अंड्याच्या टरफलाचा तुकडा दिसला आणि माझं डोकं फिरलं. विचारणं नाही, पुसणं नाही. फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'ख्रिश्चनांबरोबर घर शेअर करण्याआधी विचार करा.' आज लाज वाटते, पण शब्द तेच होते. संध्याकाळी ताई ड्यूटीवरून तशाच युनिफॉर्ममध्ये माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत. "मी त्या पातेल्याला हात लावलेला नाही. पण माझी चूक वाटली, तर आधी मला एकटीला सांगायचंस. आम्हाला तसंच शिकवलंय. आधी दोघांत बोलायचं, चारचौघांत नंतर." मी दार लोटून घेतलं.

आठवड्याभरात माझ्या नवऱ्यानं, अविनाशनं, तोंड उघडलं. मी नर्सरीत असताना साहेब घरी अंडी उकडून खायचे, हाताला येईल त्या भांड्यात. मी ताईंकडे गेले, रडले, माफी मागितली. त्यांनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "मिटलं." मिटलं कुठलं? ग्रुपवर मी एक अक्षर लिहिलं नाही. नवऱ्याचं हसं होईल, माझं नाक कापलं जाईल... आज लिहू, उद्या लिहू. दोन महिन्यांनी मंडळाच्या दिवाळी फराळाला ताई दरवर्षीसारख्या करंज्या घेऊन आल्या. लाडू संपले, चकल्या संपल्या, त्यांचा डबा भरलेलाच राहिला. का, ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाल्या, "उद्या वॉर्डात वाटते." पुढच्या वर्षी आम्हाला अहमदीत कंपनीचं घर मिळालं आणि मी सुटल्यासारखी निघून गेले.

मागच्या शुक्रवारी रूथला भेटले. इथंच वाढलेली पोर. म्हणाली, "मी ममीला किती वेळा बोलले, ग्रुपवर लिही ना ट्रुथ काय ते. ममी म्हणायची, ते मेधा आंटीचं काम आहे, आपण मध्ये नाही पडायचं. शी विल डू इट." तेव्हापासून घरात बसवत नाही, बाहेर करमत नाही. म्हणजे त्या वाट बघत होत्या. अविनाश म्हणतो, बाई गेली, आता कशाला उकरून काढतेस?

उकरते. मंडळातल्या सगळ्यांनी वाचावं. अंडी माझ्या नवऱ्यानं उकडली होती, ताई खरं बोलत होत्या, आणि फराळाच्या दिवशी मला ते ठाऊक होतं. त्यांच्या डब्याला लागूनच मी उभी होते. करंजी मीही उचलली नाही.