कल्याण मिस्त्रीचा अर्धा आटा

नऊ वर्षं मी दर दुसऱ्या रविवारी अंबडहून जालन्याला एका बोल्टसाठी जात होतो. हे कुणाला सांगितलं की तो माझ्या डोक्याकडे बघतो. त्याचंही चुकत नाही. मी कोर्टातला निवृत्त कारकून, आणि मोटारसायकल माझी लांबुळकी, बुटकी, पाय पुढे पसरून चालवायची. हे ध्यान कारकुनाला शोभतं का, असं माझी बायको रमाबाई अठरा वर्षं विचारते आहे. मी अठरा वर्षं उत्तर टाळतो आहे.

गाडीचं दुखणं साधंच होतं. इंजिनच्या वरच्या भागात कॅम नावाचा दांडा फिरतो, त्यानं व्हॉल्व उघडतात-मिटतात. त्याला खालून एक बारीक साखळी फिरवते, तिला टायमिंग चेन म्हणतात. ती सैल पडली की टकटक सुरू होते. साखळी ताणून धरणारा मूळ टेन्शनर कधीच निकामी झाला होता आणि त्याचा सुटा भाग कुठं मिळत नव्हता. म्हणून जालन्यातल्या मस्तगड भागातल्या कल्याण मिस्त्रीनं सिलिंडरच्या मागून एक बोल्ट बसवून दिला. दर पंधरा दिवसांनी तो अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, आवळायचा. जास्त आवळला तर साखळी घासते, कमी आवळला तर टकटक तशीच. किती आवळायचा ते म्हणे हाताला कळतं. माझ्या हाताला फक्त फायली कळायच्या, म्हणून मी जालन्याला जायचो.

काम दोन मिनिटांचं, पण मी दोन तास बसायचो. कल्याण मूळचा हसनाबादचा. घरच्या शेतीत चार भावांचं भागेना म्हणून विशीच्या आत जालन्यात आला, तो तिथलाच झाला. बायको दैवशाला सहा वर्षांपूर्वी वारली. मुलगी आकांक्षा नाशिकला नांदते, रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. नव्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात, जुन्या भंगारात जातात, त्यामुळे मिस्त्रीकडे येणारं माणूस हळूहळू कमी झालं. रविवारी तर मी सोडून कुणीच नसायचं. बोल्ट आवळून झाला की तो चहा सांगायचा, डबा उघडायचा आणि अर्धी भाकरी मोडून न विचारता माझ्यापुढे ठेवायचा. बोलणं फार नसायचंच. एकदा मात्र म्हणाला, “तुम्ही येता म्हणून रविवारी शटर उघडतो, भाऊसाहेब. न्हाई तं कोण हे इथं.”

मला ते दुकानदाराचं गोड बोलणं वाटलं. उभा जन्म लोकांचे जबाब उतरवण्यात गेला, पण समोरचा माणूस काय सांगतोय ते मला कधी कळलं नाही.

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून आमच्या मुलानं, अद्वैतनं, एक खोकं पाठवलं. कुठूनतरी शोधून त्यानं माझ्या गाडीला नवा कॅम मिळवला होता, जुन्यापेक्षा उंच उठावाचा, ओढ वाढवणारा. सोबत बेअरिंग, रॉकर, नवी साखळी, तिचे दोन्ही पॅड, आणि स्प्रिंगवर आपला आपण पुढे सरकणारा टेन्शनर. मी खोकं मिस्त्रीपुढे ठेवलं. त्यानं बाकी काही न बघता टेन्शनर उचलला आणि अंगठ्यानं दाबून पाहिला.

“चांगलं हे हे,” तो म्हणाला. “आपोआप ताणतं. मंग हात लावायचं काम न्हाई.”

चला, म्हणजे तुम्हीही सुटलात आणि मीही, असं मी मोठ्या आनंदानं म्हणालो. तो टेन्शनर त्यानं बराच वेळ हातात धरून ठेवला होता, हे मला आज आठवतं. कॅम बसवू, पण हा टेन्शनर तुमच्या गाडीला चालत नाही, आपला बोल्टच राहू द्या, एवढं त्यानं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी मान डोलावली असती. पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच्या बाकड्यावर बसलो असतो.

तसं काही तो बोलला नाही. दोन दिवस लावून त्यानं काम केलं. जुन्या कॅमचा उंचवटा इतका झिजला होता की त्यावर नख अडकत होतं. नवा कॅम बसवून त्यानं खुणेला खूण जुळवली आणि इंजिन हातानं सावकाश दोन फेरे फिरवून पाहिलं. खुणा बरोबर आल्या तरी आणखी दोन फेरे फिरवले. मग गाडी चालू केली. टकटक गेली होती. त्यानं लांब पेचकस इंजिनला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटून बसून राहिला. काय ऐकू येतंय, मी विचारलं.

“काहीच न्हाई,” तो म्हणाला.

निघताना पाचशे किलोमीटर झाले की ऑइल बदलायला या, व्हॉल्वचे टॅपेटही बघू, असं त्यानं दोनदा बजावलं. मी हो म्हणालो. पाचशे झाले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. एवढ्यासाठी त्याला कशाला त्रास, असा शहाणपणा करून मी इथंच कोपऱ्यावरच्या गॅरेजात ऑइल बदललं. फोनसुद्धा केला नाही. रविवारी दुपारी मी मस्त झोपू लागलो.

तीन महिन्यांनी एका रविवारी, बाराच्या सुमाराला, कल्याण मिस्त्री आमच्या फाटकाशी उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. एसटीनं आला होता. नऊ वर्षांत तो माझ्या घरी पहिल्यांदाच येत होता, आणि खरं सांगायचं तर मीही त्याला कधी या म्हटलं नव्हतं. मी विचारलं, “मिस्त्री, काय काम काढलंत?”

“तुम्ही आले न्हाई. म्हणलं ऑइल राह्यलं असंल.”

ते तर केव्हाच झालं, इथंच करून घेतलं, मी म्हणालो. पिशवीतून वर आलेला ऑइलचा डबा त्यानं पुन्हा खाली दाबला. आलोच आहे तर ऐकतो, म्हणून गाडी चालू करायला लावली. बराच वेळ वाकून ऐकत होता. मी विचारलं, आता पुन्हा कधी दाखवायची?

पुढच्या महिन्यात, असं तो म्हणू शकला असता. त्यानं रुमालानं हात पुसले. हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

“आता पाच-सहा वर्षं बघायचं काम न्हाई, भाऊसाहेब. बिलकुल बराबर हे.”

मी पाणी दिलं, ते त्यानं उभ्यानंच प्यायलं. बसा म्हणायचं मला सुचलं नाही. इकडे आला होतात का कुणाकडे, असंही वर विचारलं. “हौ, आल्तो जरा,” म्हणाला आणि निघाला.

तो वळणापाशी पोचला असेल, तेवढ्यात रमाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात तिसरं ताट होतं. भाकरी टाकली आहे, पिठलं झालंच, पाहुणे कुठं गेले, असं विचारत होती. गाडी दारातच उभी होती. एका बटणात चालू झाली असती आणि बसस्टँड दोन मिनिटांवर आहे. पण त्याला जेवायला चला म्हणायचं, तर आधी आपण काय केलं ते कबूल करावं लागलं असतं.

“त्यांना काम होतं,” मी म्हणालो.