आधीच केलेला मालिदा

हन्नामावशी गेल्याचा आईचा फोन आला तेव्हा मी अलिबागच्या बाजारात कोथिंबीर निवडत होते. आईला फोनवर प्रस्तावना जमत नाही. "हन्ना गेली," एवढंच म्हणाली, आणि पाठोपाठ, "शनवारचीच गेली बघ. ज्या दिवशी चूल पन पेटवायची न्हाय." थळमधलं मावशीचं घर म्हणजे आमच्या गावातलं शेवटचं ज्यू घर. तिच्या सासरच्यांचा पूर्वी तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असे, म्हणून जुनी माणसं त्यांना अजूनही शनवार तेलीच म्हणतात. घाणा कधीच गेला, पण मावशीनं शनिवार काही मोडला नाही. त्यांच्यात शनिवारी मातीही देत नाहीत, त्यामुळे रविवार उजाडायची वाट पाहावी लागली. प्रार्थनेला त्यांचे दहा पुरुष लागतात. ते अलिबाग, रेवदंडा, पेण असे जमवावे लागले. आमचा अख्खा कोळीवाडा दारात उभा होता, पण आमची माणसं त्या दहांत धरता येत नाहीत. मावशीला हे दिसलं असतं तर ती पोट धरून हसली असती.

तिची आणि आमची भिंत एकच. आई आणि ती जवळपास एकाच सुमाराला लग्न होऊन थळला आल्या. एक मासळी विकणारी, दुसरी शिवणकाम करणारी, आणि दोघींच्या गप्पांना मागचं अंगण पुरायचं नाही. आम्हा पोरांना मावशी मशीन चालवता चालवता तिच्या धर्मग्रंथातल्या गोष्टी सांगायची. मोशेसाठी दुभंगलेला समुद्र, सिंहांच्या गुहेतला दानिएल. योनाला गिळणारा मासा नेमका कोणता, यावरून आमच्यात मारामाऱ्या व्हायच्या. मावशी म्हणायची, तुम्ही कोळ्यांची पोरं, तुम्हीच ठरवा. माझा धाकटा भाऊ मोरेश्वर मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, बाजूनं होता आणि अजूनही आहे. पण तिचा खरा लाडका होता एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरून तो अग्नीच्या रथात बसून स्वर्गात गेला, असं तिच्या लोकांत मानतात. रथाच्या खुणा अजून दिसतात, असं ती छातीठोकपणे सांगायची. मी पुढे शिक्षिका झाले, तेव्हा एलिया होता इस्रायलचा, इथे कुठून येईल, असा भूगोल तिला समजावून सांगायला गेले होते. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली की भूगोल तुझा, खडक आमचा.

या एलियाहूच्या नावानं तिच्यात मालिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचा. नवस फळला, कुणी बरं झालं, कुणाला नोकरी लागली की मालिदा. म्हणजे आधी काम, मग मालिदा. सगळं जग असंच करतं, आमचे नवसही तसेच. मावशी मात्र उलटं करायची. काळजीची वेळ आली, की काय होणार हे कळायच्या आधीच ती पोहे भिजत घालायची. तिच्या सासूनं यावरून तिला आयुष्यभर बोल लावले. शालोमकाका, म्हणजे तिचे यजमान, एसटीत कंडक्टर होते. ते म्हणायचे की आमची ही गाडी यायच्या आधीच तिकीट फाडते.

एका दिवाळीनंतर समुद्रात अचानक वादळ उठलं आणि मोरेश्वर ज्या बोटीवर होता ती परत आली नाही. बाकीच्या आल्या. तेव्हा खिशात फोन नव्हते. सगळा वाडा किनाऱ्यावर बसून होता, आई आमच्या ओट्यावर. दुपारी मावशी हातात ताट घेऊन आली. ताटात मालिदा. आईचा जो काही संताप झाला तो मी पुन्हा कधी पाहिला नाही. "माझा पोरगा पान्यात हाय," ती म्हणाली, "आनि तू परसाद वाटतेस?" आजूबाजूच्या बायकाही कुजबुजल्या. मावशीनं ताट खाली ठेवलं, आईच्या शेजारी बसली आणि तिला गोष्ट सांगू लागली. आई ऐकते आहे की नाही याची पर्वा न करता.

गोष्ट सारफथ गावच्या विधवेची. दुष्काळ पडलेला, मडक्यात मूठभर पीठ, कुपीत तळाला तेल. पोराबरोबर शेवटची भाकर खायची आणि मरायचं, एवढंच तिच्या हातात उरलेलं. तेवढ्यात एलियाहू दारात येतो आणि म्हणतो, आधी मला भाकर करून दे. आधी! तिनं दिली. मग पाऊस येईपर्यंत मडक्यातलं पीठ सरलं नाही आणि कुपीतलं तेल आटलं नाही. "तेल्याचीच गोष्ट म्हन की," आई पुटपुटली, आणि मावशीला रडता रडता हसू फुटलं. आईनं चिमूटभर मालिदा तोंडात टाकला. मोरेश्वरची बोट श्रीवर्धनच्या बाजूला आसऱ्याला गेली होती. तो दोन दिवसांनी एसटीनं घरी आला, काकांच्याच गाडीनं, आणि काकांनी त्याचं तिकीट फाडलं नाही.

तेव्हापासून आईची खात्री पटली की पोरगा मालिद्यानंच आणला. मावशीला हे अजिबात पटायचं नाही. ती म्हणायची की त्याला ज्यानं आणायचा त्यानं आणला, मी फक्त माझं तोंड गोड ठेवलं. मला दोघींचंही पटत नसे.

मग काही वर्षांनी काकांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मावशीनं नेहमीप्रमाणे आधीच मालिदा केला, सगळ्या वाड्याला दिला, स्वतः काकांना भरवला. काका ऑपरेशनमधून उठले नाहीत.

त्यांच्यात सात दिवस घरात जमिनीवर बसतात. आई रोज तिच्याजवळ जाऊन बसायची. मी एकदा बरोबर गेले होते. आईला राहवलं नाही. तिनं विचारलं, "मंग तुझ्या देवानं तुझं का न्हाय ऐकलं?"

मावशी म्हणाली, "ती गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली व्हती. पीठ सरलं न्हाय, तरी त्या बाईचा पोरगा नंतर मेलाच. त्याच घरात. ती एलियाहूशी भांडली. त्यानं प्रार्थना केली नि तिचा पोरगा उठून बसला." मग ती म्हणाली, "माझा मानूस न्हाय उठला."

मग ती रडली. आम्ही तिघीही रडलो. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "मालिदा घालून मी त्याचा जीव इकत घ्यायला गेली न्हवती गं. इतकी वर्सं तो माझ्या घरात व्हता, त्याबद्दल देवाचे आभार मानले. ते काय खोटे झाले? मी पन भांडते देवाशी, रोज भांडते. पन त्याच्याशीच भांडते, दुसऱ्या कुनाशी न्हाय."

विश्वास म्हणजे मनासारखं होईल याची खात्री, अशी माझी समजूत होती, आणि म्हणूनच मी त्याला हसत असे. त्या दिवसानंतर मला हसता आलं नाही. पुढच्याच पावसाळ्यात शेजारच्या सुनेचं बाळंतपण अडलं, तेव्हा मावशीच्या घरातून खोबरं खोवल्याचा आवाज आला. आईनं मला नुसतं डोळ्यांनी खुणावलं.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. येत्या सोमवारी मोरेश्वरचं मुंबईत ऑपरेशन आहे. हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी धीर दिला, पण काही लपवलंही नाही. मोरेश्वर विनोद करतो आणि मग रिपोर्टांची फाइल पुन्हा उघडतो. मी खूप घाबरले आहे. परवा आई म्हणाली, "हन्ना असती तर..." मावशीची मुलगी सारा इस्रायलला परत जाताना घराची चावी आमच्याकडे देऊन गेली आहे. मी कुलूप उघडून स्वयंपाकघरात गेले. गुळाचा डबा, वेलची, तिची बुटकी विळी, सगळं जिथल्या तिथे होतं. खोबरं खोवलं. पोहे जरा जास्तच भिजले. तिच्या प्रार्थनेतला एकही शब्द मला येत नाही. कुणाला उद्देशून बोलायचं तेही नीट ठरेना. शेवटी विळीसमोर बसूनच म्हटलं की आमचा मोरू एवढी वर्षं आमच्या घरात आहे, त्याबद्दल तुझे आभार.

मोरेश्वरनं एक घास खाल्ला. "ताई, पोह्यांचा गिचका केलास," म्हणाला, आणि ताट माझ्याकडे न देता सगळं संपवलं. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

हा लेख तुमच्या हाती पडेल तोवर सोमवार उलटून गेलेला असेल. काय झालं, असं तुमच्या मनात येईल. मला आज ते माहीत नाही. आभार मात्र मानून झाले आहेत.