तेलाच्या गोट्याला बूच

आता स्वतःची फजिती स्वतःच्याच तोंडाने कशी सांगू? पण चहा आलाच आहे, तर ऐका.

गावात मोबाइल पोचले नव्हते तेव्हाची गोष्ट. गुजरातेत तेल शोधणाऱ्या एका कंपनीत मी शिकाऊ होतो. नोकरी पक्की होणार होती एका अहवालावर. जमिनीत खोलवरून काढलेल्या वालुकाश्मातून तेल वाहू शकेल का, एवढंच सांगायचं होतं.

सुट्टीत गावी, कामठ्याला घरी आलो, पण जीव थाऱ्यावर कुठे? बॅगेत त्या दगडाचा अंगठ्याएवढा तुकडा होता. कंपनीतल्या आमच्या सरांनी नुसता निरखायला दिलेला! म्हटलं, इथंच परीक्षा घेऊ. सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात तो घट्ट बसवला, वरून विहिरीचं पाणी ओतलं, खाली पेला ठेवला.

टप. टप. टप. मी खूश!

दर दोन मिनिटांनी उठून बघतोय. जेवणात लक्ष नाही. दुपारी थेंब मंदावले. चार वाजता साफ बंद!

पाणी जाईना, तर तेल काय वाहणार?

आमचे बाबा तलाव आणि त्यांच्या पाळी, म्हणजे बांध, घालणाऱ्यांच्या घरातले. पेल्यात डोकावून म्हणाले, "गोट्यातली माती फुगली असन ना रे. तलावाच्या पाळीत चिकन माती कायले भरतो आपण? पाणी पिते, फुगते, झिरपणं बंद."

"बाबा, हा तेलाचा दगड आहे, तुमची पाळ नाही!"

"गोटा असो का पाळ, मातीले का समजते? अन् तू काऊन इतका फडफडून राहिला? बस ना जरासा."

बसतोय कुठला! सायकल काढली, एसटीडी बूथ गाठला. "सर, त्या दगडाचा थर तेलाच्या यादीतून काढून टाका. त्यातून पाणीसुद्धा जात नाही!"

"कोणतं पाणी वापरलंस?"

"आमच्या विहिरीचं सर, एकदम गोड!" अभिमानानं सांगितलं हो मी!

सर म्हणाले, "अरे, खाली त्या दगडात खारं पाणी असतं. गोड्या पाण्यानं त्यातली माती फुगते. दगड चांगला होता, भोकं तू बुजवलीस. हे शिकवलं नव्हतं तुला?"

शिकवलं होतं. त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क होते!

"बाबा पण हेच म्हणत होते," मी पुटपुटलो.

"मग पुढचा अहवाल त्यांना दाखवूनच पाठव."

माझी नोकरी सहा महिने लांबली. आणि आजही गावात पाळ झिरपली, की बाबा चारचौघांत म्हणतात, "बोलवा आमच्या साहेबाले. लय शिकला जी थो, तेलाच्या गोट्याले बूच लावते!"