कायद्यातला जावई

उज्जैनला माहेर असलं की पाहुणे कधी संपत नाहीत. पुण्याचे, नागपूरचे, बडोद्याचे सगळे महाकालाच्या दर्शनाला येतात आणि उतरतात आमच्याकडे. दर्शन झालं, रामघाटावरची अंघोळ झाली, की पोह्यांची बशी हातात घेऊन विचारतात, "मग, कॅनडाचे जावई काय म्हणतात?" मी कॅनडातून एकटी परत आले त्या वर्षी बाबांना या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ झालं होतं. "फार कामात असतो. पण घरखर्च दर महिन्याला पाठवतो, न चुकता."

माझ्या नवऱ्याने तोवर एक रुपयाही पाठवला नव्हता. आमच्या संमतीने घटस्फोटाचा अर्ज इथल्या कुटुंब न्यायालयात पडला होता आणि दोन तारखांमध्ये मन बदलायला म्हणून कायदा जी मुदत देतो, ती चालू होती. मनं बदलायची नव्हतीच. फक्त पोटगी किती आणि कशी, एवढं ठरायचं होतं.

बाबा आयुष्यभर बँकेत होते. देवास गेटजवळच्या शाखेतून निवृत्त झाले. हिशेबात कधी खाडाखोड न केलेला माणूस पाहुण्यांसमोर मात्र बिनदिक्कत थाप मारायचा, आणि आई आतून आणखी पोहे आणून विषय बदलायची. मला दोघांचाही राग यायचा. "लपवायचं काय आहे त्यात?" मी विचारायची. बाबा म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आपला मराठी समाज इथे मूठभर. एकाला सर्दी झाली तर दुसरा शिंकतो."

मला सव्वा लाखाची मूठ नको होती, मला गाळा हवा होता. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कॅनडात माझ्या पदवीला कोणी विचारलं नाही, पण उज्जैनमध्ये माझ्यासारखीला काम कमी नाही. इथे रोज हजारो माणसं दर्शनाच्या रांगेत उभी राहून गुडघे धरतात. देवास गेटच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक गाळा मी दवाखान्यासाठी बघून ठेवला होता. मालक विकायला तयार होता, पण हप्त्याने नाही. म्हणाला, "बिटिया, पूरा पैसा लाओ, चाबी ले जाओ." दुसरं गिऱ्हाईकही त्याच्याकडे फेऱ्या मारत होतं.

अशात कॅनडातून नवऱ्याचा निरोप आला की तो दर महिन्याला ठरावीक रक्कम देईल. ऐकून बाबांचा चेहरा खुलला. त्यांची थाप आपोआप खरी होत होती! त्यांनी पुढची योजनाही आखली: पैसे माझ्या नाही, त्यांच्या खात्यात यायचे. शाखेत सगळे ओळखीचे. जावयाने सासऱ्याला घरखर्च पाठवला, यात कोणाला काय वावगं दिसणार?

"आणि माझा गाळा?" मी विचारलं.

"गाळे काय, पुष्कळ मिळतात," बाबा म्हणाले. त्या दिवशी मी जेवले नाही. भूक होती, पण जेवले नाही.

तरी बँकेचा माणूस तो बँकेचाच. टॅक्सचं काय, हे विचारल्याशिवाय त्यांना झोप लागेना. फ्रीगंजमध्ये एक मराठी सी.ए. बाई बसतात, त्यांच्याकडे ते मला घेऊन गेले. खुर्चीत बसताच म्हणाले, "आमच्या एका परिचितांची केस आहे." मी छताकडे बघितलं. आमच्या लोकांची ही जुनी रीत. दुखणं स्वतःचं, पण डॉक्टरला सांगायचं शेजाऱ्याचं म्हणून.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बघा काका, सीधी बात आहे. मुलगी इथे राहते ना? मग महिन्याला येणारी पोटगी ही तिची कमाई धरतात, पैसा परदेशातून आला तरी. तिच्या बाकीच्या कमाईत ती मिळवायची आणि टॅक्स भरायचा, दर वर्षी. कोर्टाच्या आदेशाने एकरकमी मिळाली, तर ती सहसा कमाई धरत नाहीत. मतलब, त्यावर टॅक्स नाही. पुढे व्याज आलं तर त्यावर लागेल."

"आणि समजा," बाबा खुर्चीत पुढे सरकले, "जावयाने मुलीच्या वडिलांनाच पाठवले तर?"

"जावई कायद्याने नातेवाईक आहे. त्याने सासऱ्याला भेट दिली तर टॅक्स नाही."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही सामना जिंकला. मी विचारलं, "आणि घटस्फोट झाल्यावर?"

बाई हसल्या. "मग कसला जावई! कायद्याला तो परका माणूस. आणि मुळात पैसा मुलीच्या पोटगीचा, वडिलांना भेट म्हणून दाखवणार कसा? उद्या इन्कम टॅक्स खात्याने विचारलं की हे कोण, तर वडिलांना लिहून द्यावं लागेल, माझा जावई आहे म्हणून. खोटं."

बाबांचा हात टेबलावर होता. तो त्यांनी हळूच मागे घेतला. पाहुण्यांना पोह्यांबरोबर थाप देणं वेगळं आणि तिच्याखाली सही करणं वेगळं. निघताना बाई मला म्हणाल्या, "तुमच्या परिचितांना सांगा, एकरकमी घ्या." त्यांना सगळं कळलं होतं, अर्थातच.

घरी येऊन मी नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. बाबा शेजारी बसले होते. मी एकरकमी म्हटल्यावर तो समजावायला लागला, दर महिन्याला आलं की तुला कसं सुरक्षित वाटेल, एवढी रक्कम एकदम हातात आली की माणूस कसा चुकतो, वगैरे. उंटावरून शेळ्या हाकायची त्याची हौस जुनीच. मग बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, "आणि महिन्याचं दिलं तर मला इथे टॅक्समध्ये सूट मिळते."

"म्हणजे सूट तुला आणि टॅक्स मला," मी म्हटलं. "बघ, एकरकमीत थोडं कमी दे, चालेल मला. पण एकदाच दे आणि मोकळा हो."

तो बाबांकडे बघायला लागला. लग्नानंतर इतकी वर्षं मी काही बोलले की तो बाबांकडेच बघायचा. बाबा म्हणाले, "ती म्हणते तसं." बस, एवढंच. मला वाटलं उठून त्यांना मिठी मारावी. आमच्याकडे तशी पद्धत नाही, म्हणून चहा केला.

मुदत संपली, घटस्फोट झाला आणि कोर्टाच्या आदेशात एकरकमी लिहिलं गेलं. मधल्या काळात दुसरं गिऱ्हाईक गाळ्याला बयाणा देऊन जाईल, या धास्तीने मी रोज त्या गल्लीतून जात होते. पैसे आले तेव्हा बँकेने बोलावलं. बाहेरून मोठी रक्कम आली की ती कशाची, हे विचारतात. मी एकटी जाणार होते, पण बाबा चपला घालून दारात उभे.

शाखेत गर्दी होती. काउंटरवर बसलेला अधिकारी एके काळी बाबांच्या हाताखाली शिकलेला, आमच्याच समाजातला. आमच्या मागे समाजातल्या एक वहिनी पासबुक घेऊन उभ्या होत्या, ज्यांना काही सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या हळदीकुंकवांत पोहोचतं. अधिकाऱ्याने उठून बाबांना खुर्ची दिली. "काका, कशाला तकलीफ घेतली? पैसे कॅनडातून आलेत ना, जावईसाहेबांचे? कारणात घरखर्च टाकून देतो. दोन मिनिटांचं काम."

तो चांगुलपणानेच बोलत होता. 'घरखर्च' हा शब्दही त्याला बाबांकडूनच मिळाला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा बोलले, आणि ते हळू बोलले नाहीत.

"घरखर्च नाही. पोटगी आहे, एकरकमी. कोर्टाचा आदेश सोबत आणलाय. आणि ते आता आमचे जावई नाहीत."

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. "अच्छा, काका," तो म्हणाला. "तुमच्या खात्यात?"

"माझा काय संबंध? हिचे पैसे, हिच्या खात्यात."

मग बाबा खुर्चीतच वळले. वहिनी पासबुकात डोकं घालून काहीच न ऐकल्याचं दाखवत होत्या. बाबा त्यांना म्हणाले, "वहिनी, तुमचे गुडघे दुखतात ना? ही दवाखाना उघडते आहे, इथेच, मागच्या गल्लीत. या. आणि सगळ्यांना सांगा."