दत्तूचा मैल आणि माझा

आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर कबूल करून टाकतो. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण त्यातला एक असा आहे की नुसता आठवला तरी अजून पिंढरीत गोळा येतो. चहा घ्या, गार होईल. सांगतो.

चोपन्न साल. विलायतेत कोणीतरी एक मैल चार मिनिटांच्या आत धावला होता, आणि आमची अंधेरी ती बातमी दिवाळीपर्यंत चघळत होती. अंधेरी म्हणजे तेव्हा काय हो? स्टेशन, चार दुकानं आणि पलीकडे शेतं. करमणूक म्हणजे रविवारी सकाळी सलूनमध्ये बसून भांडायचं. दाढी पाच मिनिटांची, वाद दोन तासांचा.

त्या रविवारचा वाद असा, की दुसऱ्या खेळातला एखादा गाजलेला गडी मैल तसा मारू शकेल का?

"पैलवान?" सलूनवाल्याने विचारलं.

"छे! पैलवान अर्ध्या वाटेत दूध मागेल."

"मग क्रिकेटवाला?"

"तो बावीस यार्ड धावला की बॅट टेकून उभा राहतो. त्याला मैलात दोनदा लंच लागेल!"

मी आपला गप्प ऐकत होतो. तसाच गप्प राहिलो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही! मी म्हणालो, "हुतूतूवाला धावेल. अरे, मैलात लागतो तो दम. आणि दम हुतूतूवाल्याइतका कोणाकडे आहे?"

आरशातून सगळ्यांचे डोळे एकाच खुर्चीकडे वळले. तिथे तोंडाला साबण फासून दत्तू बसला होता.

दत्तू माझा जिवलग दोस्त. मूळचा कणकवलीकडचा, अंधेरीत मामाकडे राहायचा. परळच्या गिरणीत बदली कामगार, म्हणजे कोणी गैरहजर असेल त्या दिवशी काम, नाहीतर हात हलवत परत. पण हुतूतूच्या मैदानात राजा! पार्ल्यापासून जोगेश्वरीपर्यंत त्याच्या पकडीची धास्ती होती. घोटा एकदा त्याच्या हातात आला की खेळ खलास.

"आपला दत्तू धावेल," मी जाहीर केलं.

"खंय?" कुठे म्हणून दत्तूने साबणातून विचारलं.

मी होतो जमीनमोजणी खात्यात कारकून. मोजायचं काम मोजणीदारांचं, आम्ही फक्त आकडे उतरवून घ्यायचे. पण आकडा दिसला की माझे हात शिवशिवत. वर्तमानपत्राच्या कडेला मी पेन्सिलीने गणित मांडलं.

"हे बघा. मधल्या रेषेपासून मागच्या रेषेला शिवून परत, चाळीस फूट. दत्तूला लागतात दोन सेकंद. त्यातला अर्धा सेकंद जातो वळण्यात. मैलात वळायचंय का? नाही! म्हणजे राहिला दीड. मैलाचे फूट पाच हजार दोनशे ऐंशी, भागिले चाळीस, गुणिले दीड…"

सगळे कागदावर वाकलेले. वस्तरा हवेत थांबलेला.

"तीन मिनिटं अठरा सेकंद!"

पहिल्या दीड सेकंदाचा माणूस एकशे बत्तिसाव्या दीड सेकंदाला तोच राहतो का, हे एकाही गाढवाने विचारलं नाही. विचारणार कोण? मुख्य गाढवाच्या हातात पेन्सिल होती.

इथवर सगळं गमतीचं होतं. पुढे नाही.

अंधेरीत काचसामानाचा एक कारखाना होता. जानेवारीत त्याच्या मैदानावर शर्यती व्हायच्या, त्यांत बाहेरच्यांनाही नाव देता यायचं, आणि शर्यत जिंकणाऱ्या बाहेरच्या पोराला कारखान्यात कायम नोकरी मिळायची. अट एकच. एका माणसाने एकाच शर्यतीत धावायचं. दत्तूचं ठरलेलं होतं, शंभर यार्ड. त्यात त्याला हरवणारा आसपास कोणी नव्हता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि त्याला ती नोकरी हवीच होती. गावाकडे एक मुलगी पसंत होती, पण तिच्या बापाने साफ सांगितलं होतं, बदलीवाल्याला मुलगी देणार नाही. कायम झालास तर शिमग्यानंतर बार उडवू, नाहीतर दुसरं स्थळ तयार आहे.

एवढं सगळं माहीत असून मी त्याला काय सांगितलं असेल?

"शंभर यार्ड सोड रे! ती काय, कोणीही मारतो. मॅनेजर पै साहेब स्वतः कॉलेजात मैल धावायचे, त्यांचा जीव मैलात आहे. मैल मार, साहेब तुला दत्तक घेईल!"

"मधू, माझ्यान होयत?"

"आकडे खोटं बोलत नाहीत, दत्तू."

"आकडे खंय बोलतत? बोलतस तू."

पण ऐकलं त्याने माझं. मी शिकलेला ना! कचेरीत बसणारा, इंग्रजी पेपर वाचणारा. त्याचा माझ्यावर विश्वास होता हो, आणि मला त्या विश्वासाची भारी हौस होती.

तालीम सुरू झाली. अंधेरीहून वर्सोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर मैलाचे दोन दगड मी हेरले. रोज पहाटे पहिल्या दगडापाशी त्याला उभं करायचं, आपण भाड्याच्या सायकलवर बसायचं आणि हातात वडिलांचं घड्याळ घेऊन मागून ओरडत जायचं. "दम धर! मनात हुतूतू म्हण! समोर सात गडी आहेत असं समज!" बिचारा तसंच करायचा. तीन महिने, एक दिवस खाडा नाही. मी केला खाडा, थंडी होती म्हणून. त्याने नाही.

डिसेंबरच्या शेवटी घड्याळ थांबवलं आणि मी सायकलवरून पडलोच. चार मिनिटं पाच सेकंद! विलायतेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक असे धावत होते, आणि इथे वर्सोव्याच्या रस्त्यावर, अनवाणी, आमचा दत्तू! संध्याकाळपर्यंत बातमी जोगेश्वरीला गेली तेव्हा चार मिनिटं झाली होती. घाटकोपरहून परत आली तेव्हा साडेतीन. दत्तूने गावाला पत्र टाकलं, मांडवाचं बघा म्हणून.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी वर्सोव्याला गेलो. दत्तूला ताकद यावी म्हणून ताजे बांगडे आणायचे होते. वाटेत बघतो तर आमच्या दुसऱ्या दगडावर एक कोळीण पाटी बाजूला ठेवून ऐसपैस बसलेली.

"बाय, जरा सरता का? ह्या दगडाला नमस्कार करायचाय."

ती खो खो हसली. "ह्या दगराला? हा तं आमचे दादल्यानं आनून ठेवला, बसाला!"

"म्हणजे? हा मैलाचा दगड ना?"

"व्हता मैलाचा. तिकरं पुरं व्हता, वरापाशी. रस्ता करताना उपटून टाकला व्हता सरकारनं. पाटी घेऊन पाय दुखतान ना रं बाबा!"

मी पावलं टाकत वडापर्यंत गेलो. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. चांगले दोन फर्लांग! मैल आठ फर्लांगांचा, आणि आमचा होता सहाचा. मोजणी खात्याचा कारकून मी! शाळेतलं पोरसुद्धा पाऊण मैलाला मैल म्हणणार नाही, आणि मी तीन महिने म्हटलं.

बांगडे घेऊन तडक दत्तूकडे गेलो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. तो मामीची इस्त्री घेऊन अर्ध्या चड्डीला इस्त्री करत होता. मला बघून असा हसला की माझी जीभच उचलेना. नाव दिलेलं, आता बदलता येणार नाही, मग सांगून काय उपयोग? अशी मी माझी समजूत घातली. खरं सांगू? मला त्याच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. बस, एवढंच. बांगडे दिले, "नीट झोप" म्हणालो आणि पळालो.

दुसऱ्या दिवशी मैदानाला चुन्याची गोल रेघ मारलेली. चार फेऱ्या म्हणजे मैल. कारखान्याचा हुकमी गडी पीटर, मरोळचा, काटक पोरगा. शिट्टी झाली आणि आमचा दत्तू सुटला! पहिल्या फेरीला पुढे, दुसऱ्या फेरीला पुढे. जोगेश्वरीवाले टोप्या उडवत होते. पै साहेब खुर्चीतून उठून उभे. तिसरी फेरीसुद्धा दत्तूची! मीच एकटा देवाचा धावा करत होतो, कारण आमचा मैल इथेच संपत होता.

आणि तो तिथेच संपला. तीन फेऱ्या झाल्या आणि दत्तूचे पाय थबकले. अहो, तीन महिने पायांना शिकवलेलं, इथे थांबायचं! त्याने पुढे बघितलं, तर आख्खी फेरी शिल्लक. डोळे पांढरे, तोंडाचा आ, छाती भात्यासारखी, आणि तरी ओठांवर हुतूतू चालूच. एक पाऊल, दुसरं पाऊल. तेवढ्यात मागून पीटर आला आणि पुढे जाताना त्याचं कोपर दत्तूच्या दंडाला लागलं.

झालं! समोरचा गडी शिवून पळतोय म्हटल्यावर हुतूतूवाला काय करील?

दत्तूने सूर मारला आणि पीटरचा घोटा धरला!

काय पकड होती महाराजा! पीटर आडवा. जोगेश्वरीवाले सवयीने ओरडले, "गेला! गेला!" मग दत्तू भानावर आला. त्याने पीटरला काखेत हात घालून उभं केलं, त्याच्या गुडघ्याची धूळ झटकली आणि "जा रे बाबा, धाव" म्हणून पुढे ढकलला. पीटर बिचारा तरीही पहिला आला. दत्तूला बाद केलं. तो मैदानाच्या कडेला जाऊन दोन्ही हातांत डोकं धरून बसला. सगळं मैदान हसत होतं. मी आधी कधी कोणाच्या हसण्याने इतका कासावीस झालो नव्हतो.

मग मात्र राहवेना. तडक पै साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, चूक माझी आहे. तो शंभर यार्डचा गडी. मीच त्याला मैलात घातला." गणित सांगितलं, घड्याळ सांगितलं, दगड सांगितला. "आणि साहेब, दगडाचं मला काल कळलं होतं. मी त्याला बोललो नाही."

मागे कोणीतरी उभं होतं. वळून बघतो तर दत्तू. त्याने सगळं ऐकलं होतं. नुसता माझ्याकडे बघत राहिला. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"साहेब, त्याला एकदा शंभर यार्ड धावू द्या. तुम्ही सांगाल ते करतो."

पै साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. धोतर, कोट, काळी टोपी.

"तुम्ही स्वतः कधी मैल धावला आहात?"

"नाही, साहेब."

"मग धावा. चार फेऱ्या. न थांबता. मग बघू."

धोतराचा काचा मारला, कोट काढला आणि निघालो. पहिली अर्धी फेरी मी झकास धावलो. लोक टाळ्या वाजवत होते, मलाही जरा तरतरी आली. एक फेरी झाली तेव्हा घसा सुकला. दुसरीत पोटात कळ आली. तिसरीत पिंढरीत गोळा आला, टोपी कुठे पडली कळलं नाही. आणि तेव्हा, डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना, मला मैल म्हणजे काय ते समजलं. कागदावर मैल गुणाकाराने होतो. पायाखाली तो एकेक पावलाने होतो, आणि प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा महाग पडतं. पैलवान असो, क्रिकेटवाला असो, हुतूतूचा राजा असो, प्रत्येकाने आपापल्या खेळासाठी वर्षानुवर्षं अंग झिजवलेलं असतं. त्या अंगाची आम्ही सलूनमध्ये बसून अदलाबदल करत होतो. मी तर कशासाठीच झिजवलं नव्हतं. आणि दत्तू हे तीन महिने रोज करत होता, माझ्या शब्दाखातर, मी सायकलवर बसलेलो असताना. मला इतकी लाज वाटली की रडू फुटलं. बरं झालं, घामात कोणाला कळलं नाही.

थांबलो मात्र नाही. रांगत म्हणा, लोळत म्हणा, चौथी फेरी पुरी केली आणि साहेबांच्या खुर्चीसमोर भुईवर आडवा झालो.

"साहेब… आता… दत्तूचे… शंभर यार्ड…"

"अहो, कसले शंभर यार्ड?" साहेब म्हणाले. "त्याला मी कधीच कायम केला. तुमची पहिली फेरी चालू होती तेव्हाच."

"काय?"

"त्याची पकड बघितलीत ना? धावता माणूस धरला, जमिनीवर ठेवला, आणि पीटरला साधं खरचटलंसुद्धा नाही! आमच्या पॅकिंग खात्यात रोज काचा फुटतात. असे हात मी दोन वर्षं शोधतोय."

मला आनंदाने ओरडायचं होतं, पण आवाजच फुटेना. कसाबसा उठून बसलो.

"पण साहेब… मग मला… थांबवलं का नाहीत?"

"मी निघालो होतो थांबवायला. यांनीच हात धरला माझा." साहेबांनी बाजूला बोट दाखवलं.

दत्तू माझी टोपी हातात घेऊन उभा होता. तिच्यावरची माती झटकत, अगदी शांतपणे म्हणाला, "मीच सांगलंय सायबांका, धावांदे त्येका. तीन म्हयने माका धावडवल्यान हा."