ग्वाल्हेरचा नाताळ आणि माझा मसाल्याचा डबा

हे मी लिहीत नाही, बोलते आहे. मला अक्षर येत नाही. माझ्या लेकीची मुलगी रूथ फोनवर टाइप करते आणि मध्येच म्हणते, "आजी, हे नको घालू." तेच आधी घालायचं, असं मी ठरवलंय.

दर नाताळला मुलगा दानियल ग्वाल्हेरहून नगरला यायचा. यंदा म्हणाला, "आई, तूच ये. पंचवीसला बँकेतले साहेब जेवायला आहेत. तुझ्या हातचं मटण खायचंय त्यांना." म्हणजे नाताळ प्रभूचा आणि बोलावणं मटणाला. तरी निघाले. नाताळच्या सकाळी मुलगा चर्चमध्ये शेजारी बसला पाहिजे, एवढंच माझं मागणं असतं. तो येत नसेल तर मीच तिकडे जाऊन बसवीन म्हटलं.

नगर ते मनमाड एसटी. पंचाहत्तरी उलटली की फुकट, म्हणून सोबत आलेल्या रूथचंच, बायकांचं अर्धं तिकीट लागलं. पुढे रेल्वेचा स्लीपर, माणशी पाचशेच्या आसपास. डिसेंबरात जाणार असाल तर पांघरूण जाड घ्या आणि पोचायच्या वेळेवर विश्वास ठेवू नका. झाशीपासून असं धुकं की गाडी रांगतच गेली.

चोवीसला सकाळी नई सडकेवर बेडई खाल्ली. डाळ भरलेली पुरी, सोबत बटाट्याची तिखट रस्साभाजी, वर जिलेबी. पन्नासेक रुपयांत पोट भरतं. किल्ला मी खालूनच पाहिला, गुडघ्यांनी वर यायला नकार दिला. दौलतगंजच्या बाजारात कागदी चांदणी घेतली. दुकानदार मराठी निघाला, पूर्वज फौजेबरोबर इकडे आलेले.

"मावशी, महाराष्ट्रातून येऊन राहिल्या का?"

"हो. मुलाकडे, नाताळला."

"अच्छा, बडा दिन. काय-काय करतात तुमच्यात?"

"देव सोडून सगळं."

तो हसला. "आमच्या गणपतीतही हेच, मावशी. डेकोरेशन बघायला सगळे, आरतीला मी अकेला."

माणूस आवडला. पैसे मात्र एक रुपया कमी केले नाहीत त्यानं.

संध्याकाळी सिटी सेंटर भागातल्या त्याच्या घरी दानियलनं बेत सांगितला. उपासना साडेनऊला, पाहुणे एकला, म्हणून सकाळभर स्वयंपाक. "या वेळी उपासना यूट्यूबवर बघू, आई."

"मग साहेबांना मटणही यूट्यूबवर दाखव."

सून मीना कपाटात तोंड घालून हसली.

"मजाक नको. निदान मटण चढवून जा."

"आल्यावर चढवीन."

"तोवर साहेब येतील."

"येऊ दे. ज्याचा वाढदिवस तो आधी, पाहुणे मग."

सकाळी मी पांढरं लुगडं नेसून तयार झाले, तर आतून कुजबुज ऐकू आली. दानियल मीनाला सांगत होता, "तू सुरू कर. मसाला आईचा आहेच." तो काळा मसाला मी नगरहून कुटून आणलेला. मी डबा उचलला, पिशवीत घातला, पिशवी काखेला मारली आणि रूथला म्हटलं, रिक्षा बघ.

दानियल जिन्यात धावत आला. "डबा कुठे चालला?"

"उपासनेला."

"आई, हा हट्ट आहे."

"हट्टच आहे. तुझे वडील गेले त्या वर्षीसुद्धा आपण नाताळची उपासना चुकवली नाही. आता साहेब जेवायला येतात म्हणून चुकवायची?"

मीनानं पायात चपला घातल्या. "मसाल्याशिवाय घरी बसून मी काय करू? मी पण येते." कच्च्या मटणाजवळ नवरा एकटा उरला.

पहिलं गीत सुरू झाल्यावर तो आला, तोंड फुगवून बाकाच्या कडेला बसला. गीताची चाल ओळखीची, शब्द हिंदी. मी माझे मराठी शब्द मोठ्यानं म्हटले. पुढची बाई वळून बघायला लागली, तसा आवाज आणखी चढवला.

"आई, हळू," दानियल पुटपुटला. दुसऱ्या कडव्याला तो स्वतःच मराठीत म्हणत होता, कुणाला कळू नये इतकं हळू. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबला असता.

पाहुणे आले तेव्हा मटण नुकतं रटरटायला लागलेलं. साहेबांच्या बायकोला मी लसूण सोलायला बसवलं. साहेब तासभर नमकीन चघळत बसले. दानियल दोनदा डोळे वटारून गेला. ताटं वाढताना साहेबांनी विचारलंच, "आज देर कैसे हो गई, माताजी?"

मी तोंड उघडायच्या आत दानियल म्हणाला, "सर, हम चर्च गए थे." सॉरी वगैरे काही म्हणाला नाही.

आता नगरला आलोय. ग्वाल्हेरची थंडी अजून हाडांत आहे आणि मुरैन्याची गजक, ती तिळाची खुसखुशीत चिक्की, संपली. रूथ म्हणते, मामा बदलला असं लिहूया. मी लिहू देत नाही. एका उपासनेनं कोण बदलतं? तो रागावून आला होता, जातानाही रागातच होता. पण आला. देवाला रागावलेली माणसं चालतात, न आलेल्यांचं तो काय करणार?

काल त्याचा फोन होता. ईस्टरला पाहुणे बोलावलेत म्हणाला, संध्याकाळी सातला.

मी मुद्दाम विचारलं, "मग सकाळी मोकळाच का रे?"

"मोकळा कसा? सकाळी उपासना असते, आई," तो म्हणाला, जशी काही मलाच ठाऊक नव्हती.