पावण्यांची भिंत

आकाराममामानं पहार भिंतीच्या डोक्यात घातली तवा बारा गोरी माणसं तिच्याच पुढं उभी राहून फोटो काढत हुती.

"सरका पावणं! पायावर पडंल!" मामा वरडला.

मराठी त्यास्नी कळली न्हाय, पहार कळली. पटापटा बाजूला झाली. वरचे दोन थर धाडकन खाली आले. मी टेम्पोतनं वाळू उतरवत हुतो, फावडं टाकून मामाकडं पळालो. म्हटलं, आता ह्याला कोण हात लावतंय बघूच.

आकाराममामा माझ्या आईचा सख्खा भाऊ. कसबा बावड्यात ऱ्हातो. चौदाव्या वर्षापास्नं गवंडी. मी नववीत शाळा सोडली तवा सगळ्या घरानं मला शिव्या घातल्या. ह्यानं एकट्यानं इचारलं, "गाडी शिकणार काय?" तवापास्नं ह्याच्या कामावर माल मीच टाकतो. आमी पणज्यापास्नं ख्रिस्ती. मामा एक रविवार चुकवत न्हाय, पण चर्चमध्ये कायम मागच्या बाकावर, खांबाआड. का, तर पाळकांच्या मागची भिंत वाकडी हाय. "पुढं बसलं की ती डोळ्यात सलती," म्हणतोय, "प्रार्थनाच लागत न्हाय."

असल्या माणसापुढं त्यांनी ती भिंत बांधली.

घर बनाबाईचं. हातकणंगल्याच्या अलीकडं नदीकाठाला तिचं गाव. महापुरात तिचं मातीचं घर बसलं, तवापास्नं म्हातारी आणि तिची नात पत्र्याच्या शेडात. एका संस्थेनं ठरवलं, येशूच्या नावानं पाच घरं बांधून द्यायची, आणि बांधणार कोण, तर अमेरिकेच्या चर्चमधली माणसं. धा दिवसांसाठी. स्वतःच्या हातानं.

खोटं कशाला बोलू, माणसं वाईट नव्हती. उनानं लालबुंद झालती तरी हटत नव्हती. हॅना म्हणून एक पोरगी हुती, हातमोजं फाटलं, बोटातनं रगात आलं, तरी विटा देतच हुती. पण त्यातल्या एकानंबी जलमात थापी धरली नव्हती. आणि आमचे चार गवंडी सावलीत बसून! का, तर सम्राटसरांचा हुकूम. सम्राटसर संस्थेचा माणूस, कोल्हापूरचाच. मोप इंग्लिश झाडतोय.

दुसऱ्या दिवशी मामानं ओळंबा सोडला. दोरीला बांधल्याला पितळंचा गोळा, भिंत सरळ हाय का वाकडी ते दावणारा. मग सरांना हाक मारली.

"दोन बोटं बाहेर गेलीया. आणि हे बघा, सांध्यावर सांधा आलाय. भिंतीला पकडच न्हाय."

"गिलाव्यात झाकून जाईल."

"गिलावा म्हंजे तोंडाला लावायची पावडर न्हवं, सर."

"आकाराम, ही लोकं सातासमुद्रापलीकडून आलीत. पाहुण्यांचं मन मोडायचं नसतं. आठ दिवसांनी जातील."

"ती जातील. म्हातारी कुठं जाणार? ह्याच भिंतीला तिची खाट येणार हाय. तिची आणि पोरीची."

सर फोनवर बोलत निघून गेला. बरं, ही बनाबाईबी तसलीच. मामा तिला समजावाय गेला, तर म्हणती, "असू दे रं. पावण्यांनी एवढं उनातानात केलं. माझ्या दारातला चा सुदिक घेत न्हाईत बिचारी, आणि मी त्यास्नी वाकडं म्हणू व्हय?"

"आक्का, पडली तर तुझं डोस्कं फुटंल."

"फुटंना. पण पावण्याला बोलायचं न्हाय."

मला तर कपाळ बडवावं वाटलं. गाव मरंल, पण पावण्याला बोलणार न्हाय! मामा घरी गेला. आणि सकाळी पहार घेऊन आला.

सम्राटसर पळत आला. "वेड लागलंय का तुला?"

मामानं त्याच्याकडं बघितलंबी न्हाय. उरल्याल्या भिंतीवर ओळंबा सोडला आणि गोऱ्यांपुढं उभा राहिला. "पावणं म्हणून आलासा तर सावलीत बसा, आमी वाढतो, पोटभर जेवा! गवंडी म्हणून आलासा तर ह्या ओळंब्याला तोंड द्या! सांगा सर त्यास्नी. हाय तसं सांगा."

सरनं मामाकडं बघितलं, गोऱ्यांकडं बघितलं. मग हसला आणि इंग्लिशमध्ये बोलाय लागला. लई वेळ बोलला. गोरी एकमेकांकडं बघाय लागली.

आणि टाळ्या वाजवल्या.

आईशप्पत, टाळ्या. हॅना रडत पुढं आली, मामाला हात जोडले आणि स्वतःच विटा काढाय लागली. मग सगळीच लागली. दुपारपातूर जोत्यापर्यंत भिंत साफ. मग मामानं कोपरा धरला, आमच्या गवंड्यांनी सूत ताणलं आणि गोऱ्यांनी विटा दिल्या. भिंत कशी, तर ताठ.

मामाचं तोंड उजळलं हुतं. "बघितलास? खरं सांगितलं की माणसाला पटतंय. आपणच उगं भितो."

दुसऱ्या दिवशी सम्राटसरचा निरोप आला, आकारामला येऊ देऊ नका, आणि बाकीचे गवंडी परत सावलीत. मी गाडी काढली. त्याची कॉलर धरणारच हुतो, तर मामानं चावीच काढून घेतली. "गप बस. आक्काची भिंत उभी हाय. बास झालं."

बास कसं? ऱ्हायलेल्या चार घरांचं काय? दोन आठवड्यांनी मी तितनं गेलतो. चारीबी घरं गिलावा मारून, निळा रंग देऊन तयार. आत काय हाय ते कुणाला दिसणार? एका घरात तर बाळंतीण ऱ्हाय आलती. तवा मला सम्राटपेक्षा गोऱ्यांचा जास्त राग आला. ओळंबा डोळ्यानं बघितला, टाळ्या वाजवल्या आणि पुढं चार घरं तशीच बांधून विमानात बसली! हॅनाला तर मी मनात नको नको ते बोललो.

सहा महिन्यांनी मामाच्या पोरीला, निशिगंधाला, हॅनाचा व्हिडिओ घावला. निशा बीएला हाय, इंग्लिश घेऊन. त्यात आधी मामा पहार हाणतोय, मग ओळंबा सोडून उभा, आणि शेजारी उभा राहून सम्राटसर इंग्लिशमध्ये सांगतोय. निशानं मला त्याचं मराठी करून सांगितलं. तो त्यास्नी सांगत हुता, की आमच्या भागात रीतच हाय, पावण्यांनी बांधल्याली पयली भिंत गवंडी आपल्या हातानं पाडतो, म्हंजे देवानं तुमची सेवा मान्य केली.